घरात ठाण मांडून बसलेले सिनेमे

समीक्षा नको, तारे नकोत, 'अभिजात' हा शब्द तर अजिबात नको. ज्या सिनेमांचे संवाद तुमच्या घरात, ऑफिसात येताजाता तोंडात असतात त्यांच्याबद्दल लिहा. गाणी, बँड, वरातीही चालतील. आणि 'एवढं डोक्यावर का घेतलंय कळत नाही' असं कशाबद्दल वाटत असेल, तर तेही बिनधास्त लिहा.

सुरुवात मीच करते. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८), दुसरं काय! आमच्याकडे एखाद्या पार्टीने पैसे थकवले की अकाउंट्सवाला मान वर न करता सांगतो, "सत्तर रुपये वारले." सिनेमा आला तेव्हा जन्मही न झालेली पोरं त्यावर बरोब्बर हसतात. त्या प्रसंगाचं श्रेय सगळे अशोक सराफांना देतात. द्यावंच, पण एकदा फक्त सुधीर जोशींकडे बघा. मधुमेही घरमालक, इस्राईलहून येणाऱ्या औषधाच्या आशेवर बसलेला. सराफांचे धनंजय माने थापा मारत जातात आणि यांच्या चेहऱ्यावर आधी आशा, मग शंका, मग सभ्यपणे गिळलेला संताप. समोर ऐकणारा असा असला की बोलणाऱ्याचं निम्मं काम झालंच! संवाद वसंत सबनीसांचे, 'विच्छा माझी पुरी करा' हे लोकनाट्य लिहिणारे. एकाने सरळ विचारायचं, दुसऱ्याने वाकडं उत्तर द्यायचं आणि शेवटी विचारणाराच खजील व्हायचा, ही तमाशातल्या बतावणीची चाल त्यांनी पुणेरी दिवाणखान्यात आणून बसवली. भाड्याने घर मिळावं म्हणून दोघे मित्र बायकांचं सोंग घेतात, ती मूळ गोष्ट हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'ची (१९६६), पण तो आज कोण लावून बघतंय?

बेंगळुरूहून

लोक बनवाबनवीला नुसती धमाल म्हणतात. आम्ही चार पोरं इथे जागा शोधत होतो तेव्हा मला तो माहितीपट वाटला. ब्रोकरचा पहिला प्रश्न, "फॅमिली आहे का?" बॅचलर म्हटलं की फ्लॅट लगेच 'कालच गेला.' एका मालकिणीने तर आमच्यापैकी कोणाचं लग्न ठरलंय का, कधी आहे, मुलगी काय करते, सगळं विचारून घेतलं. जिने उतरताना आमच्यातला सगळ्यात बारीक मित्र म्हणाला, "साडी मी नेसणार नाही, आधीच सांगतो." शेवटी शहराबाहेर जागा मिळाली. वायफायचं नाव अर्थातच 'धनंजय माने इथेच राहतात'.

नागपूर

सगळे म्हणतात म्हणून मीही हसतो, पण खरं सांगू का भाऊ, पुरुषाने साडी नेसली की हसायचं हे मला फार जमत नाही. आमच्या घरी महेश कोठारे पार्टी. 'धूमधडाका', 'थरथराट', आणि सगळ्यात वर 'झपाटलेला' (१९९३).

माझ्या धाकट्या बहिणीकडे डोळे मिटणारी बाहुली होती. त्यातला खुनी बाहुला तात्या विंचू बघितल्यावर ती बाहुली आईने दिवाणाच्या खणात टाकली, कारण बहीण झोपेनाच. मीही तिकडे पाय करून झोपत नव्हतो, पण ते तेव्हा कोणाला सांगितलं नाही. 'चाइल्ड्स प्ले'वरून उचललंय हे कॉलेजात कळलं, मग इंग्रजी सिनेमा मुद्दाम बघितला. त्यातला बाहुला चकी मला काही केल्या भीतिदायक वाटला नाही. रामदास पाध्यांची ती बाहुली आणि त्यात दिलीप प्रभावळकरांचा आवाज! तो आवाज ओरडत नाही, लाडात येतो, आणि तिथेच घाबरायला होतं. हाच माणूस 'चौकट राजा'मधला नंदू, हे पटायला मला बरीच वर्षं लागली.

ठाणे

मला 'अंदाज अपना अपना' कधीच आवडला नाही. दोनदा झोप लागली.

डोंबिवली

ठाणेकरांना धाग्यातून बाहेर काढा. 'तेजा मैं हूँ, मार्क इधर है' ऐकूनही झोप लागते होय? असो. १९९४ साली थिएटरात तो पडला, तेव्हा तुमच्यासारखेच लोक तिकीट काढून गेले असतील. आमची पिढी केबलवर त्याच्यापाशी पोचली. 'जाने भी दो यारो'चंही (१९८३) तसंच. महाभारताच्या नाटकात सतीश शाहचं प्रेत द्रौपदी होऊन उभं राहतं तो प्रसंग सगळ्यांना पाठ असतो, आणि शेवटी त्या दोघा फोटोग्राफरांचं काय होतं ते मात्र लोक सोयीस्कर विसरतात. मला तो सिनेमा त्या शेवटासाठीच मोठा वाटतो.

सातारा जिल्हा, वय सत्तरीच्या पुढे

नातवाला टाइप करायला लावलंय. दादा कोंडक्यांचं कुणीच कसं लिहिलं नाही? 'सोंगाड्या' (१९७१) आमच्याकडं जत्रंत तंबूत लागला. बापय समदे गेले. आम्हाला मनाई, तसलं बोलणं बायांनी ऐकू नये म्हणून. पण तंबूचं कापड ते केवढं! आवाज पार आमच्या ओसरीपर्यंत. आम्ही भाकरी थापत आख्खा शिणिमा कानानं बघितला. ती लोंबती नाडी आणि अर्धी चड्डी दिसली ती लई वर्सांनी, टीव्हीवर. चावट होतं का? होतं की. पण गावातल्या बाया जात्यावर काय कमी चावट बोलत होत्या?

म्हापसा

आमच्या घरात मराठी नाटकं आणि कोंकणी गाणी, दोन्ही. लॉर्नाचा आवाज आणि ख्रिस पेरीचा ट्रम्पेट, त्यापुढे आमच्याकडे कुठलाही पॉपस्टार नाही. हल्लीच्या पोरांना ते दोघे 'नाचुंया कुंपासार' या कोंकणी सिनेमामुळे (२०१४) कळले. आले हे बरंच झालं, कुठून का येईनात.

कोल्हापूरकडचा

मी बेंजो पार्टीत वाजवतो. 'सैराट'चं संगीत अमेरिकेत मोठ्या वाद्यवृंदासोबत रेकॉर्ड केलं म्हणतात, चांगलंच आहे. आमच्याकडं ते एक बेंजो, एक कीबोर्ड, ढोल, ताशा आणि ट्रॉलीवरच्या बॉक्सवर भागतं. २०१६च्या लग्नसराईत एका वरातीत झिंगाट किती वेळा, हे मोजायचं आम्ही सोडून दिलं होतं. गंमत सांगतो. झिंगाटला सूर चुकला तरी कुणाला कळत नाही, सगळे हवेत असतात. पण मध्येच एखादा फेटेवाला आजोबा पुढं येऊन खिशात नोट कोंबतो आणि 'पिंजरा'तली लावणी मागतो. तिथं बोट इकडचं तिकडं झालं की म्हातारा थांबवतो आणि पहिल्यापासून घ्यायला लावतो. नवरदेव घोड्यावर ताटकळत.