मदत हवी आहे: एसएमएसजी (झेड/व्हीएममधला खास निरोप) पोहोचतो, पण लिनक्स गेस्टवरची स्क्रिप्ट अर्ध्यात बंद पडते

मंडळी, झेड/व्हीएमवर (आयबीएम मेनफ्रेमवर आभासी मशीन चालवणारी प्रणाली) एका सीएमएस (त्यावरची साधी एकल-वापरकर्ता प्रणाली) युजरकडून लिनक्स गेस्टला (लिनक्स चालवणाऱ्या आभासी मशीनला) 'एसएमएसजी लिनक्स१ एपीपी बॅकअप' असा आदेश जातो. गेस्टवर असे निरोप यूडेव्हकडे (डिव्हाइसच्या घटना हाताळणारी लिनक्सची सेवा) देणारं एसएमएसजीआययूसीव्ही-एपीपी मॉड्यूल लोड आहे. 'व्हीएमसीपी क्वेरी सेट'मध्ये एसएमएसजीपुढे आययूसीव्ही (आभासी मशीनमधला संवादमार्ग) दिसतं. यूडेव्ह मॉनिटरमध्ये 'चेंज' इव्हेंट येतो. पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकूर दोन्ही बरोबर. म्हणजे सीपीची (झेड/व्हीएमच्या गाभ्याची) बाजू चोख आहे. यूडेव्हचा नियम जुळतो, स्क्रिप्ट सुरू होते आणि मधेच मरते.

कारण बहुधा यूडेव्हच: नियमातल्या 'रन'मधून सोडलेली लांबणारी प्रोसेस तो स्वतः मारतो, बॅकग्राउंडला टाकली तरी. सिस्टमडी (लिनक्सचा सेवा-व्यवस्थापक) वापरून 'सिस्टमडी-रन'ला 'नो-ब्लॉक' (न थांबता) लावून वेगळं युनिट सोडावं, की यूडेव्हच्या नियमात 'सिस्टमडी-वॉन्ट्स'ने सेवेचं नाव द्यावं? दुसऱ्या पर्यायात डिव्हाइस युनिट आधीच सक्रिय असेल, तर पुढच्या निरोपाला सेवा पुन्हा सुरू होत नाही, ही अडचण दिसते. रोज चालणाऱ्या सिस्टमवर तुम्ही काय वापरता?

लिनक्सकडून सीएमएस युजरला जाणाऱ्या परतीच्या निरोपाचंही सांगा. सीएमएसवर 'सेट एसएमएसजी आययूसीव्ही' करून वेकअप (निरोपाची वाट पाहणारा सीएमएसचा आदेश) आययूसीव्हीएमएसजी पर्यायासह चालतो, पण तो युजर लॉगऑफ असला की निरोप जातच नाही. त्यापेक्षा व्हीएमयूआरने (लिनक्सवरून झेड/व्हीएमच्या स्पूल फाइली हाताळणारी आज्ञा) त्याच्या रीडरमध्ये (येणाऱ्या फाइलींच्या आभासी पेटीत) फाइल टाकणं जास्त भरवशाचं ठरेल का?