सभेला अकरा जण, ताटं पंचवीस: नवी सेक्रेटरी म्हणून काय करू? (नाशिक)

शिवणयंत्र

नमस्कार मंडळी. सल्ला हवाय आणि जरा लवकर हवाय. १ जुलैपासून आमच्या समाजसेवेच्या क्लबच्या सेक्रेटरीपदाची माळ माझ्या गळ्यात पडतेय. क्लबचं नाव देत नाही. नाशिक कितीही वाढलं तरी कॉलेज रोडला कुणी शिंकलं की पंचवटीत कळतं.

माझं सातपूरला शाळेचे गणवेश शिवायचं छोटं युनिट आहे. चार वर्षांपूर्वी आमच्या सीएकाकांनी मला क्लबात आणलं. 'चार चांगली माणसं भेटतील, हातून काहीतरी घडेल,' असं म्हणाले होते. माणसं भेटली, खोटं कशाला बोलू.

सभा दर गुरुवारी रात्री साडेआठला, गंगापूर रोडच्या एका हॉटेलात. घंटा वाजते नऊला. मग अध्यक्षांच्या गळ्यात कॉलर (पदाचा मानाचा पट्टा) घालायची, वाढदिवसवाल्यांना गुलाब, वक्त्यांची ओळख (परवा एका डॉक्टरांची ओळख चौदा मिनिटं चालली, ते स्वतः अकरा मिनिटं बोलले), आभार, राष्ट्रगीत. सेवाकार्याचा विषय येतो 'सेक्रेटरींच्या सूचना' या सदरात, आणि नेमका तेव्हाच मागे वेटर पनीरच्या भांड्यावरचं झाकण उघडतो. त्या वासापुढे कुठला प्रकल्प टिकणार?

आता हिशेब. पटावर ४२ सभासद, येतात अकरा. हॉटेलची अट किमान २५ ताटांची, ताटाला ४५० रुपये. म्हणजे न आलेल्या चौदा जणांच्या न वाढलेल्या ताटांचे ६,३०० रुपये आम्ही दर गुरुवारी भरतो. महिन्याला पंचवीस हजारांच्या वर.

हे मी अजून चालवून घेतलं असतं. पण फेब्रुवारीत गणवेशाची मापं घ्यायला पेठ तालुक्यातल्या एका शाळेत गेले. त्याच शाळेला आम्ही १५ ऑगस्टला पाणी शुद्ध करायचं यंत्र दिलं होतं, आरओवालं. यंत्र बंद. वर खडूचा डबा आणि डस्टर ठेवलेलं. दात्यांच्या नावांचं स्टिकर मात्र झकास, एक कोपरा उचकटलेला नाही. मी गुरुजींना विचारलं, बिघडलं का? ते म्हणाले, "नाही मॅडम, यंत्र चांगलंय. पण ते एक तांब्या पाणी देतं आणि तीन तांबे सांडून देतं. आमच्या पोरी ते पाणी डोक्यावरून आणतात."

मला तिथे पुढे काही बोलता आलं नाही. पुढच्या गुरुवारी सभेत विषय काढला, तर 'यावर सविस्तर बोलू' म्हणाले आणि केक कापला.

तर विचारायचं असं. सभा पंधरवड्यावर न्यावी का? तरुण सभासद म्हणतात न्या, ज्येष्ठ म्हणतात मग क्लब कशाला हवा. माझंही मन होत नाही त्याला कारण एक काका. वय ७४. काकू गेल्यापासून दर गुरुवारी आठलाच येऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसतात. त्यांचा गुरुवार मी काढून घेऊ का?

आणि ती शाळेसारखी फजिती पुन्हा होऊ नये म्हणून काम निवडायचं कसं? सिंहस्थासाठी भाविकांना वाटायला क्लबचं नाव छापलेल्या टोप्या, असा एक प्रस्ताव आत्ताच टेबलावर आलाय.

जाता जाता: पदग्रहणाला पदाधिकाऱ्यांच्या सौभाग्यवतींची ओटी भरतात. माझ्या नवऱ्याचं काय करायचं, हे कार्यक्रम समितीला अजून सुचलेलं नाही.

चिवडा नाशिकचा

पंचवीस हजारात किती मिसळी येतात याचा हिशेब करून डोळे पाणावले.

माजी सार्जंट

ताई, तुमचा क्लब कुठल्या संस्थेचा ते माहीत नाही. मी रोटरीत एकवीस वर्षं काढली, त्यातली तीन सार्जंट म्हणून, म्हणजे उशिरा येणाऱ्यांकडून वीस-वीस रुपये दंड गोळा करण्यात. तेव्हा तिथलं सांगतो.

आठवड्याची सभा ही आमच्याकडे पूर्वी अटच होती. चुकली तर दुसऱ्या क्लबाच्या सभेला बसून हजेरी भरून काढायची. त्याला मेकअप म्हणतात. 'मेकअपला चाललोय' हे मी घरी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा बायकोने वर बघितलं होतं. पुढे २०१६ मध्ये नियम सैल झाले. महिन्यातून किमान दोनदा भेटा, बाकी दिवस आणि पद्धत तुमच्या पोटनियमांत ठरवा, असं आलं. लायन्सचे पुष्कळ क्लब तर महिन्यातून दोनदाच भेटतात. तेव्हा पंधरवड्याने आभाळ कोसळत नाही.

पण मी तुमच्या जागी असतो तर ठराव आणला नसता. ठराव आला की माणसं बाजू घेतात, आणि जुलैत घेतलेली बाजू वर्ष संपेपर्यंत, म्हणजे पुढच्या जूनपर्यंत, सोडत नाहीत.

त्यापेक्षा ज्येष्ठांना त्यांच्याच आवडत्या इतिहासाने पकडा. रोटरी हे नाव कशावरून पडलं? २३ फेब्रुवारी १९०५ ला शिकागोत पॉल हॅरिस नावाचा वकील आणि आणखी तिघं जमले, तेही त्यांच्यातल्या एका खाण-अभियंत्याच्या ऑफिसात. मग आळीपाळीने एकेकाच्या कामाच्या जागी भेटायला लागले. त्या फिरतीवरून रोटरी. हॉटेल, ताट, पनीर हे सगळं मागाहून आलं. आणि त्या क्लबाने गावासाठी सुरुवातीला हातात घेतलेलं काम कुठलं? सार्वजनिक स्वच्छतागृह. दोन वर्षांनी, १९०७ ला, त्यासाठी खटपट सुरू केली.

म्हणून गुरुवार ठेवा, हॉटेल सोडा. महिन्यात एक सभा हॉटेलात, वक्ता-बिक्ता काय ते तिथे. एक कुणा सभासदाच्या कारखान्यात किंवा दवाखान्यात. एक जिथे काम करायचंय तिथे, ती हवी तर रविवारी सकाळी घ्या. उरलेली नुसती चहावर, आणि तिच्यात फक्त कामाचं बोलायचं. काकांचा गुरुवारही जात नाही. हॉटेलवाल्याशी १५ ताटांवर बोला. बुधवार रात्रीपर्यंत व्हॉट्सॲपवर जो 'हो' म्हणेल त्याचंच ताट, आणि 'हो' म्हणून न आल्यास पैसे त्याच्या खिशातून. आमच्याकडे दोन महिन्यांत सगळे सुतासारखे सरळ झाले.

मिस्टरांचं म्हणाल तर प्रश्न तुमच्या एकटीचा नाही. बायकांना सभासद करून घेण्याचा निकाल अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९८७ ला दिला, रोटरीने जगभरच्या नियमांतून 'फक्त पुरुष' काढलं १९८९ ला. आमच्याकडे सभासदांच्या बायकांना 'ॲन' म्हणायची पद्धत पडली होती. बाईच सभासद झाल्यावर तिच्या नवऱ्याला काय म्हणायचं यावर आम्ही एक अख्खी सभा घालवलीय. शाल द्या आणि मोकळ्या व्हा.

लालपिशवी

मी रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. तुम्ही विचारलं नाहीत, पण क्लब म्हटला की रक्तदान शिबिर आलंच, म्हणून आधीच सांगते. शिबिराची तारीख तुमच्या पदग्रहणावरून किंवा कुणाच्या वाढदिवसावरून ठरवू नका. आधी रक्तपेढीला फोन करा आणि विचारा की तुमची टंचाई कधी असते. १५ ऑगस्टला, १ ऑक्टोबरला सगळेच शिबिर घेतात. तांबड्या पेशी पिशवीतल्या द्रावणाप्रमाणे ३५ किंवा ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स तर पाचच दिवस. एका आठवड्यात हजार पिशव्या आणून देऊन उपयोग काय? मे महिन्यात कॉलेजं बंद, लोक गावी, तेव्हा आम्ही एकेका पिशवीसाठी फोन फिरवत असतो.

पुरुषाला दोन रक्तदानांत तीन महिने अंतर लागतं, बाईला चार. म्हणजे एकच मोठं शिबिर घेऊन फोटो काढण्यापेक्षा तुमच्या ४२ जणांची आणि त्यांच्या कामगारांची यादी करून पाळीपाळीने माणसं पाठवलीत तर आमचं जास्त भलं होईल. मंडप लागत नाही. हार तर नकोतच.

डोंगरावरचा मास्तर

मी त्या शाळेतला नाही, पण त्याच डोंगरातला आहे. त्या गुरुजींचं वाक्य वाचून हसू आलं आणि वाईटही वाटलं.

मॅडम, आमच्याकडे पाऊस नाशिकपेक्षा कितीतरी जास्त. पण खाली काळा कातळ, उतार सरळ, पाणी थांबतच नाही. सगळं दमणगंगेकडे पळतं आणि गुजरातेत जातं. मार्चनंतर पाड्यावरच्या बाया झऱ्याच्या तोंडाशी वाटीने हंडा भरत बसतात. अशा ठिकाणी पाणी वाया घालवणारं यंत्र कुणी मागितलं होतं? आरओ लागतो तो क्षार जास्त असतील तर. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असावेत असं भारतीय मानक सांगतं. ते मोजायचं मीटर खिशात मावतं, एकदा येऊन मोजा. कमी निघाले तर राहिला प्रश्न जंतूंचा, तो पाणी उकळून किंवा क्लोरीन घालून सुटतो. शाळेला त्यापेक्षा पावसाचं पाणी साठवायला मोठी टाकी आणि छपराला पन्हळ द्या.

आणि खरंच हातांनी काम करायचं असेल तर वनराई बंधारा. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरायची, तोंडं शिवायची, ओहोळात आडव्या रचायच्या. खर्च नगण्य. मात्र वेळ साधावी लागते. पाऊस ओसरलाय पण ओहोळ अजून वाहतोय, असा ऑक्टोबर-नोव्हेंबर. डिसेंबरात आलात तर दगडावर गोण्या रचून फोटो तेवढा मिळेल. यायच्या आधी एकदा रिकाम्या हाताने या, पाड्यावर बसा, जागा आम्ही दाखवतो. गोण्यांची तोंडं शिवायला माणूस लागतोच, तुमचं तर शिवणाचंच काम.

शिवणयंत्र

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी त्या काकांकडे गेले होते. म्हटलं, काका, हॉटेल कमी करायचा विचार आहे, तुम्हाला चालेल ना? ते म्हणाले, "अगं, मला ते पनीर पचतच नाही. मी घरी येऊन खिचडी टाकतो." चार वर्षं शेजारी बसून जेवतोय आम्ही! मग त्यांनीच सांगितलं की ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत आणि बंधाऱ्याची जागा बघायला यायला तयार आहेत. हे क्लबात कुणालाच माहीत नव्हतं. वक्त्यांची ओळख चौदा मिनिटं, आणि आपल्याच माणसाची एक मिनिटही नाही.

हॉटेलवाला १८ ताटांवर आलाय, १५ ला तयार नाही. टोप्यांचा प्रस्ताव मंडळाच्या बैठकीत एका मताच्या फरकाने पडला. गुरुजींना फोन केला, यंत्र परत आणून ज्या दुकानातून घेतलं तिथे टाकीच्या बदल्यात देता येतं का ते बघतेय. दुकानदार अजून 'कळवतो'वर आहे. रक्तदानाची यादी लिहायला घेतलीय, आमच्या युनिटमधल्या सहा जणी तयार आहेत, त्यातल्या दोघींचं हिमोग्लोबिन कमी निघालं.

जुलैची पहिली सभा सातपूरला माझ्या युनिटमध्ये. मशिनं भिंतीला लावतोय. रिकाम्या गोण्याही मागवल्यात, कुणाकुणाला शिवता येतं ते तिथेच कळेल. घंटा हॉटेलच्या कपाटात आहे, ती कोण आणणार यावर ग्रुपवर कालपासून वाद चाललाय. माझ्याकडे खुर्च्या अठराच आहेत आणि 'हो' म्हणणारे आत्ताच सत्तावीस झालेत. सातपूर किंवा अंबडमध्ये रात्रीपुरत्या दहा खुर्च्या भाड्याने देणारं कुणी माहीत असेल तर इथेच सांगा.