समुद्रकाठच्या हौशी छायाचित्रकाराने पहिला खर्च कशावर करावा?

सुरुबन, गुहागर

कॅमेऱ्याविषयीचा बहुतेक सल्ला घाटावरच्या कोरड्या हवेत राहणारी माणसे लिहितात आणि तो कोकणात जसाच्या तसा लागू पडत नाही. जुलै महिन्यात आपल्या किनाऱ्यावरची सापेक्ष आर्द्रता ८५ ते ९० टक्क्यांच्या घरात असते. लेन्सच्या काचांमध्ये बुरशी धरायला ६०-६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिलेली आर्द्रता, अंधार आणि कोंडलेली हवा एवढे पुरते, आणि कॅमेरा बॅगेत घालून कपाटात ठेवणारा माणूस या तिन्ही गोष्टींची सोय आपल्या हातानेच करून देत असतो. या बुरशीतून स्रवणारे आम्ल काचेवरचा लेप खाते; तो एकदा खाल्ला गेला की काच कितीही पुसली तरी पूर्ववत होत नाही.

म्हणून माझे मत असे, की येथे राहणाऱ्या हौशी माणसाने पैसे नेहमीच्या उलट क्रमाने खर्च करावेत. आधी कोरडी पेटी, मग मोठ्या छिद्राची एक साधी लेन्स, आणि सर्वांत शेवटी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, तीही वापरलेली. पेटीसाठी विजेवर चालणारे कोरडे कपाटच हवे असे नाही. कडेला रबर असलेला हवाबंद प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मापक एवढ्यावर काम भागते. मापक ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिला पाहिजे. तो ३० च्या खाली उतरला तर लेन्समधले वंगण आणि बॉडीवरचे रबर सुकू लागते, त्यामुळे जेल वारेमाप भरण्यातही शहाणपण नाही. रंग बदललेले जेल तापवले की पुन्हा उपयोगी पडते, मात्र निळ्या जेलमध्ये कोबाल्टचा क्षार असतो आणि ते स्वयंपाकाच्या भांड्यात मुळीच तापवू नये. कॅमेरा तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा घरगुती उपाय तर विसरूनच जावा, कारण तांदूळ ओल फारशी ओढत नाही आणि त्याची पिठी बटणांच्या फटींत जाऊन बसते.

लेन्सचा हिशेबही सरळ आहे. एफचा आकडा जितका लहान तितके लेन्सचे छिद्र मोठे. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी १८-५५ मिमीची लेन्स लांबच्या टोकाला एफ ५.६ पर्यंतच उघडते. ५० मिमीची एफ १.८ लेन्स त्याच क्षणी जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. बॉडी बदलून एवढा फरक पडत नाही. निकॉनचा डी७२०० हा २०१५ सालचा कॅमेरा आहे, पण त्याचे ६००० गुणिले ४००० बिंदू ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० बिंदू या हिशेबाने, छापले तरी २० इंच रुंदीची प्रत निघते, आणि आपल्यापैकी कितीजण तेवढी मोठी प्रत काढतात हे ज्याचे त्याने स्वतःला विचारावे.

पुळण, हर्णे

बुरशीबद्दल आपण लिहिले ते मान्य आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला उलटा वाटतो. ज्या हवेत लेन्स जपण्यासाठी डबा, जेल आणि मापक सांभाळावा लागतो, त्या हवेत हौशी माणसाने लेन्स बदलणारा कॅमेरा घ्यावाच कशाला? खिशातला फोन बंदिस्त असतो, त्यात वाऱ्याबरोबर वाळू शिरत नाही, आणि आजच्या अनेक फोनांत रॉ फाइल, म्हणजे सेन्सरने टिपलेली संस्काराविना कच्ची नोंद, मिळते.

प्रकाश टिपणारा सेन्सर फोनमध्ये लहान असतो हे खरे. चांगल्या फोनचा मुख्य सेन्सर साधारण ९.८ गुणिले ७.३ मिलिमीटरचा असतो आणि हौशी कॅमेऱ्यांतला एपीएस-सी मापाचा सेन्सर २३.५ गुणिले १५.६ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळात पाचपट. परंतु भर दिवसा, बंदरावर मासळीचा लिलाव चालू असताना किंवा सुवर्णदुर्गाकडे जाणाऱ्या होडीत बसल्यावर ही पाचपट कोणाच्या डोळ्याला जाणवत नाही. शिवाय मोठी लेन्स समोर रोखली की माणसे सावध होतात, फोनपुढे तशी होत नाहीत.

खरे सांगायचे तर किनाऱ्यावरचे छायाचित्र सामग्रीपेक्षा तिथीवर अधिक अवलंबून असते. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणले की भरतीची अंदाजे वेळ मिळते, हा येथील जुना हिशेब आहे. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास आणि पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास पाणी भरते. याचा अर्थ असा, की पौर्णिमेला आणि अमावास्येला सूर्यास्ताच्या वेळी पाणी पुष्कळ आत गेलेले असते, ओली पुळण लांबवर उघडी पडते आणि आकाशाचे रंग तिच्यात उतरतात. अष्टमीला त्याच वेळी लाटा खडकांवर फुटत असतात. हे ज्याला ठाऊक आहे, त्याला फोन पुरतो. ज्याला ठाऊक नाही, तो महागडी लेन्स घेऊन चुकीच्या संध्याकाळी येऊन उभा राहतो.

रंगपट, कुडाळ

पुळण यांचे म्हणणे दिवसापुरते ठीक आहे. दशावताराच्या नाटकाला रात्री देवळाच्या पटांगणात बसून पाहावे आणि मग फोनच्या सेन्सरची पाचपट आठवावी. राक्षस तलवार फिरवत असताना एक शतांश सेकंदाहून मंद शटर चालत नाही, फ्लॅश मारणे हा नटाचा आणि प्रेक्षकांचा अपमान आहे, आणि त्या प्रकाशात फोन जी रंगवलेली चेहरेपट्टी दाखवतो ती गोंगाट, म्हणजे अंधारातल्या चित्रावरचे दाणे, घालवण्याच्या नादात मेणासारखी गुळगुळीत झालेली असते. तेथे एफ १.८ लेन्स आणि आयएसओ (सेन्सरच्या संवेदनशीलतेचा आकडा) ३२०० ला पर्याय नाही. एफ ५.६ वर तेवढाच उजेड मिळवायचा झाला तर आयएसओ तीस हजारांच्या पुढे न्यावा लागेल.

मात्र जुन्या बॉडीबद्दल मी सुरुबन यांच्याशी सहमत नाही. एफ १.८ वर स्पष्टतेची पट्टी इतकी अरुंद असते, की फोकस नाकावर बसला तर डोळे पुसट होतात. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेले नवे कॅमेरे नटाचा डोळा स्वतःहून शोधून त्यावर फोकस धरून ठेवतात, आणि हलत्या पात्रांच्या बाबतीत हा फरक शोभेचा नाही. कॅननने आणि निकॉनने २०१८ मध्ये अनुक्रमे आरएफ आणि झेड हे नवे माउंट (बॉडीला लेन्स जोडण्याचे सांधे) आणले आणि त्यांच्या नव्या लेन्स तिकडेच निघत आहेत. आज जुनी बॉडी घेणारा माणूस थांबलेल्या गाडीत चढतो आहे.

एक सावधगिरीही सांगून ठेवतो. मिररलेसचे निःशब्द शटर नाटकात मोहात पाडते, पण आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि निःशब्द शटरवर चित्रात आडवे पट्टे उमटू शकतात. तेथे यांत्रिक शटर वापरावे आणि वेग १/१०० ठेवावा.

पडवी, रत्नागिरी

वापरलेली सामग्री घ्या असे नुसते सांगून मोकळे होणे बरे नाही, कारण आपल्याच किनाऱ्यावर वापरलेली लेन्स बुरशीसकट विकली जाण्याचा धोका सर्वांत मोठा आहे. लेन्स हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. दोन्ही झाकणे काढून मागच्या बाजूने टॉर्चचा झोत तिरका सोडावा आणि पुढून आत पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी होय. धुळीचे चारदोन कण असतील तर त्यांची चिंता करू नये. निकॉनच्या जुन्या एफ माउंटच्या लेन्सच्या छिद्राची पाती बॉडीवरून काढल्यावर मिटलेली राहतात, म्हणून मागची छोटी दांडी बोटाने सरकवून ती उघडावीत, नाहीतर झोत मधल्या काचांच्या कडांपर्यंत पोहोचतच नाही. विकणारा ही तपासणी करू देत नसेल, तर सरळ उठावे. बुरशी धरलेली लेन्स चांगल्या लेन्सच्या डब्यात ठेवू नये.

समुद्रकाठी पुढच्या काचेवर साधा यूव्ही फिल्टर लावावा असे सगळेच सांगतात आणि खाऱ्या तुषारांपासून तो काच वाचवतो हे खरे आहे, पण आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. सूर्यास्त समोरच असतो आणि त्या वेळी फिल्टरमुळे चित्रात सूर्याची हिरवट भुते उमटतात. तेवढ्यापुरता तो काढून ठेवावा. परत आल्यावर बॉडीवरून गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेले कापड फिरवावे, कारण कोरड्या कापडाने मीठ पुसले की ते घासले जाते.

कुरव, दापोली

येथपर्यंत सर्वांनी गृहीत धरले आहे, की विषय पाच-दहा पावलांवर उभा असतो. पक्षी पाहणाऱ्याला ५० मिमी लेन्स काय कामाची? हिवाळ्यात किनाऱ्यावर उतरणारे कुरव किंवा सुरूच्या शेंड्यावर बसलेला पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड टिपायचा असेल, तर किमान ७०-३०० मिमीची लेन्स हवी. एपीएस-सी बॉडीवर तिची लांबची बाजू ४५० मिमीसारखी वागते. उडत्या पक्ष्यासाठी शटर १/१६०० च्या आसपास लागते, परंतु सकाळच्या उन्हात एफ ५.६ वर ते सहज मिळते. तेव्हा मोठे छिद्र ही रात्रीच्या माणसांची गरज आहे, सर्वांची नव्हे. गरुडाच्या घरट्याच्या झाडाखाली ठाण मांडून बसू नये, हे वेगळे सांगायला लागू नये, पण लागते.

कातळसडा, राजापूर

सामग्रीवर एवढे लिहिले गेले आणि संस्करणाविषयी, म्हणजे चित्रावर नंतर संगणकात करायच्या कामाविषयी, अवाक्षर नाही, याचे मला नवल वाटते. पावसाळ्यातल्या कोकणाची निम्मी छायाचित्रे बिघडतात ती हिरव्या रंगात, आणि तेथे कोणतीही लेन्स मदतीला येत नाही. ओल्या पानांवर आकाशाची चकाकी असते. ती पोलरायझर फिल्टरने चित्र काढतानाच घालवावी लागते, नंतर संगणकावर ती जात नाही. उरलेले काम रॉ फाइलवर करावे. जेपेग या नेहमीच्या चित्रफाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात आणि १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४, त्यामुळे ढगाळ दिवसाची सावली उघडताना रॉमधला जांभा दगड लालच राहतो, तर जेपेगमधला चिखलासारखा होतो. हिरव्याची गडदता वाढवण्याऐवजी कमी करावी आणि पिवळ्याची छटा किंचित हिरव्याकडे न्यावी.

यासाठी लाइटरूम या संस्करणाच्या प्रणालीचे भाडे दर महिन्याला भरत बसण्याची गरज नाही. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही दोन्ही साधने मोफत आहेत. कातळशिल्पांची माझी सर्व चित्रे डार्कटेबलमध्येच होतात. ती शिल्पे सूर्य वर आल्यावर सपाट दिसतात, म्हणून तिरक्या उन्हात काढावी लागतात, आणि त्या उन्हातला उजेड-सावलीचा तीव्र भेद आवरायला तेथील साधने पुरेशी आहेत.

रंगपट, कुडाळ

डार्कटेबल शिकायला लागणारा काळ आपण हिशेबात धरलेला नाही. नोकरी सांभाळून रविवारी दोन तास मिळणाऱ्या माणसाला ते विभाग आणि तक्ते समजेपर्यंत शिमगा येऊन जातो. लाइटरूमचे भाडे थांबले की सर्व काम अडकते, हा समजही पूर्ण खरा नाही. लाइटरूम क्लासिकमध्ये संस्करणाचा विभाग बंद होतो, पण आपली चित्रे पाहता येतात आणि बाहेर काढून घेता येतात. ज्याला तेही नको, त्याने फोनवरचे स्नॅपसीड वापरावे.

सुरुबन, गुहागर

पुळण यांचा तिथीचा हिशेब मला पूर्ण मान्य आहे आणि त्यापुढे लेन्सची चर्चा फिकी पडते हेही मान्य आहे. परंतु फोन खाऱ्या पाण्याला दाद देत नाही असे कोणी समजू नये. पाण्याला टिकण्याचे आयपी६८ हे मानांकन गोड्या पाण्यात तपासून दिलेले असते आणि चार्जिंगच्या खाचेत सुकलेले मीठ ते मानांकन वाचत नाही.

कुरव यांच्यासाठी क्रम बदलावा लागेल हे कबूल: पेटी, मग ७०-३००, मग बॉडी. रंगपट यांना मात्र एवढेच विचारायचे आहे, की डोळा शोधणारी नवी बॉडी घेऊन जर पुढे साधी १८-५५ च लावायची असेल, तर एफ ५.६ च्या अंधारात तो डोळा सापडून उपयोग काय?

रंगपट, कुडाळ

उपयोग नाही, आणि मी तसे म्हटलेलेही नाही. मी बॉडी आणि एफ १.८ लेन्स एकत्र घ्यायला सांगतो आहे. त्यासाठी एक वर्ष थांबावे लागले तर थांबावे. जुन्या बॉडीत आज घातलेले पैसे उद्या नव्या माउंटवर जाताना परत मिळत नाहीत, आणि अडॅप्टर लावून जुन्या लेन्स चालवता येतात हे खरे असले तरी निकॉनच्या ज्या जुन्या लेन्समध्ये फोकसची मोटर नाही, त्या झेड माउंटवर निकॉनच्या स्वतःच्या एफटीझेड अडॅप्टरने हातानेच फिरवाव्या लागतात. वापरलेले घेणाऱ्याने ५० मिमीच्या नावात एएफ-एस (मोटर असलेली) अक्षरे आहेत की नुसते एएफ (मोटर नसलेली), एवढे तरी पैसे देण्यापूर्वी वाचून घ्यावे.