अनुभव धागा: गॅलागा, कॅसेट आणि मुद्दाम पकडून दिलेलं विमान

माळा आवरताना व्हिडिओगेमची पिवळी कॅसेट सापडली. वर '९९९९९९ इन १', आत खरे गेम जेमतेम वीस, बाकी तेच नावं बदलून. त्यातले दोन, गॅलेक्सियन आणि गॅलागा, आमच्याकडे सरसकट 'माश्यांचा गेम' होते. दोन्ही एकाच घराण्यातले, हे परवा कळलं! १९७८ मध्ये टायटो कंपनीचा स्पेस इन्व्हेडर्स आला. त्यातले शत्रू कवायतीला आल्यासारखे रांगेत सरकतात. १९७९ मध्ये नामको कंपनीने गॅलेक्सियन काढला, आणि त्यातले शत्रू रांग मोडून थेट अंगावर यायला लागले. १९८१ मध्ये गॅलागा. फॅमिकॉमवर, म्हणजे निन्टेन्डोच्या टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रावर, हे दोन्ही १९८४ आणि १९८५ मध्ये आले, आणि त्या यंत्राच्या नकला पुढे आपल्या टीव्हीखाली येऊन बसल्या.

तुमचे अनुभव लिहा. 'आमच्या वेळी'ने सुरुवात करणाऱ्याचं एक लाइफ कापलं जाईल.

फुंकरवाला
गॅलागात वरचा हिरवा बॉस खाली येऊन निळ्या किरणांचा पंखा उघडतो आणि आपलं विमान ओढून नेतो. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी घाबरून टीव्हीच बंद केला होता. मामेभाऊ म्हणाला, "येड्या, जाऊ दे ना. मुद्दाम द्यायचं असतं ते." तीनातलं एक लाइफ आपल्या हाताने द्यायचं! पकडलेलं विमान लाल होऊन वर रांगेत जाऊन बसतं. मग तोच बॉस त्याला मागे घेऊन खाली झेपावला की बॉसवर दोन गोळ्या. पहिलीला तो निळा पडतो, दुसरीला मरतो, आणि आपलं विमान गिरक्या घेत परत येऊन शेजारी चिकटतं. आता दोन विमानं, दुप्पट गोळ्या. पण अंगही दुप्पट, त्यामुळे मार खायची शक्यताही तेवढीच.

एकदा घाईत मी बॉसऐवजी आपल्याच लाल विमानाला मारलं. मामेभाऊ काही बोलला नाही. रिमोट माझ्या हातातून काढून घेतला आणि संध्याकाळपर्यंत दिला नाही.

चिमणगाणी
आमच्याकडे अ‍ॅडॅप्टर टेबलफॅनसमोर ठेवावा लागे. आईचं ठाम मत: व्हिडिओगेमने पिक्चर ट्यूब जाते. ट्यूब शेवटी गेली ती क्रिकेटच्या मॅचमध्ये, पण नाव गेमचंच झालं.

बायनरी_बाळू
एक गंमत सांगतो, फक्त मूळ आर्केड मशीनवरची, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या उभ्या मशीनवरची. पहिल्याच स्टेजला डावीकडच्या दोन माश्या सोडून बाकी सगळं मारायचं आणि पाव तासभर नुसतं हुकवत राहायचं. हळूहळू त्यांच्या गोळ्या कमी होतात, मग थांबतात. त्यानंतर त्या मारल्या की पुढे अख्ख्या गेममध्ये कुणीच गोळी झाडत नाही! कारण साधं आहे. शत्रूंच्या गोळ्यांसाठी मेमरीत ठरावीक कप्पे आहेत. पडद्याच्या अगदी कडेला सुटलेली गोळी कधी पुढे सरकत नाही आणि पुसलीही जात नाही. एकेक कप्पा असा अडला की दुकान बंद. असले बग मीही लिहिलेत, फक्त माझ्या बगचं कुणी कौतुक केलं नाही.

दूरदेशी_दगडू
चार वर्षं तोक्योत होतो. अकिहाबारात एका गेम सेंटरच्या वरच्या मजल्यावर जुनं मशीन दिसलं, शंभर येनचं नाणं टाकलं. तो निघाला १९८७ चा 'गॅलागा ८८'. त्यात तीन विमानंही जोडता येतात. मी दुसरंच जोडताना आउट झालो. मधला १९८४ चा गॅपलस मला जास्त आवडतो: तिथे उलटा न्याय, आपणच किरण टाकून शत्रूला ओढायचं. आपल्याकडच्या कॅसेटवर तो कधी दिसला नाही.

आगाऊ_आवडाबाई
मला माश्यांपेक्षा पॅकमॅन प्यारा. त्यात चेरी, स्ट्रॉबेरी वगैरे फळांच्या रांगेत खरबुजानंतर एक पिवळं-लाल चिन्ह येतं ना? तो गॅलेक्सियनचा बॉस. मी कित्येक वर्षं त्याला सीताफळ समजत होते.

मधली_बहीण
दोघे भाऊ, रिमोट दोन. माझं काम मोजणी. तिसऱ्या स्टेजला चॅलेंजिंग स्टेज येते. तिथे शत्रू गोळ्या मारत नाहीत, नुसते नाचत निघून जातात. एकूण ४०, सगळे मारले तर १०,००० पॉइंट. मी मोठ्याने मोजायचे. एकोणचाळीसनंतर दोन्ही भाऊ ओरडायचे, "गप, गप!" दुपारी ते झोपले की आवाज शून्य करून मी खेळायचे. चाळीस मी दोनदा मारले. त्यांना अजून सांगितलेलं नाही. धाकटा हा धागा वाचत असेल तर, हो, टीव्हीच्या रिमोटचे सेलही मीच काढले होते.

धागाकर्ता
कॅसेट फुंकली, पुसली, परत फुंकली. नवीन टीव्हीला तीन पिनांची जागाच नाही. कुणाकडे जुना, डबा टीव्ही आहे का?