शब्दचर्चा: ‘मॉलिक्युलर टार्गेट’ आणि ‘केमोप्रिव्हेन्शन’ला मराठीत काय म्हणाल?

धागाकर्ती

नमस्कार मंडळी, मदत हवीये. आमच्या महिला मंडळात पुढच्या महिन्यात आहार आणि कॅन्सर या विषयावर एका डॉक्टर बाईंचं व्याख्यान आहे, त्यांनी टिपणं इंग्रजीत पाठवलीत आणि त्यांचं दोन पानी मराठी पत्रक करायचं काम माझ्याकडे आलंय. बाकी सगळं जमलं, तीन शब्दांवर गाडी अडलीये.

पहिला ‘केमोप्रिव्हेन्शन’, म्हणजे औषधानं किंवा अन्नातल्या एखाद्या पदार्थानं कॅन्सर होण्याचा धोका कमी करणं. मी ‘रासायनिक प्रतिबंध’ लिहिलं आणि सासूबाईंना वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, कशावर बंदी आणलीये गं? मूळ शब्द तसाच ठेवावा तर ‘केमो’ ऐकलं की आमच्याकडे केस गळणं आणि सलाईन एवढंच डोळ्यासमोर येतं. दुसरा ‘मॉलिक्युलर टार्गेट’, म्हणजे औषध किंवा अन्नातला पदार्थ पेशीतल्या ज्या रेणूवर परिणाम करतो तो, एका हिंदी पत्रकात त्याला ‘आणविक लक्ष्य’ म्हटलंय, ते तसंच उचलू का? तिसरा ‘डाएटरी अप्रोच’, त्याला ‘आहारविषयक दृष्टिकोन’ लिहून ठेवलंय पण स्वतःलाच वाचून काही बोध होत नाही.

एवढं शब्दांवर का अडून बसलीये ते पण सांगते. माझ्या मावशीला छातीत गाठ लागली तेव्हा तिनं कुठल्यातरी पुरवणीत ‘कर्करोगरोधक हळद’ असं वाचलं होतं आणि चार महिने ती हळदीचं पाणी पीत राहिली, डॉक्टरकडे गेलीच नाही. त्या ‘रोधक’ शब्दाचा अर्थ तिनं जो घेतला तो कुणीही घेतला असता. म्हणून हे पत्रक माझ्या हातून तसं जायला नको.

प्रतिसाद

ताई, ‘आणविक’ अजिबात उचलू नका! मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि हा घोटाळा दर वर्षी व्हायचा. मराठीत अणू म्हणजे ॲटम आणि रेणू म्हणजे मॉलिक्यूल, हिंदीत मात्र ॲटमला परमाणु म्हणतात आणि मॉलिक्यूलला अणु, त्यामुळे हिंदीतलं ‘आणविक’ मराठीत आलं की थेट अणुबॉम्ब नाहीतर तारापूरचं अणुविद्युत केंद्र आठवतं. तुमच्या मंडळातल्या बायकांना वाटेल किरणोत्साराबद्दल काही आहे. मराठीत ‘रेणवीय’ हा नीट रुळलेला शब्द आहे.

आणि ‘लक्ष्य’ लिहिणार असाल तर य विसरू नका. टाइप करताना ‘रेणवीय लक्ष’ झालं की त्याचा अर्थ ध्यान किंवा एक लाख, काहीही होतो.

प्रतिसाद

सरांचं रेणवीय बरोबरच आहे, पण मला ‘लक्ष्य’च खटकतंय. मी प्रयोगशाळेत काम करते म्हणून जरा सविस्तर लिहिते, लांबलं तर सांभाळून घ्या.

आपण रोजच्या बोलण्यात ‘टार्गेट केलं’ म्हणतो तेव्हा त्याला धरलं, पाडलं, संपवलं असा अर्थ असतो. पेशीतल्या टार्गेटचं दरवेळी तसं नसतं. ब्रोकोलीतल्या सल्फोराफेनचं उदाहरण घ्या, हा पदार्थ अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पॉल टॅललेंच्या गटानं 1992 मध्ये वेगळा काढला. आपल्या पेशीत एनआरएफ-टू नावाचं एक प्रथिन असतं, विषारी पदार्थ निकामी करून बाहेर काढणारी एन्झाइम्स (रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिनं) तयार करायचा हुकूम ते देतं, पण एरवी त्याला कीप-वन नावाच्या दुसऱ्या प्रथिनानं धरून ठेवलेलं असतं. सल्फोराफेन जाऊन चिकटतं ते या कीप-वनला, मग एनआरएफ-टू सुटतं आणि पेशीच्या केंद्रकात जाऊन कामाला लागतं. म्हणजे टार्गेट कोण, तर कीप-वन. पण ते काही शत्रू नाही, दाराची कडी आहे नुसती. ‘लक्ष्य’ किंवा ‘निशाणा’ म्हटलं की वाचणाऱ्याला वाटणार ब्रोकोली जाऊन कॅन्सरच्या पेशी टिपून मारते, आणि जाहिरातवाल्यांना नेमकं तेच वाटायला हवं असतं.

त्यापेक्षा आपल्याकडे ‘औषध लागू पडणं’ असतं ना? मग ‘हे पेशीत कुठे लागू पडतं’ असं सरळ लिहा, आणि नामच हवं असेल तर ‘लागू पडायची जागा’. पुस्तकी हवा असेल तर ‘कृतिस्थान’ आहे, पण मंडळाच्या पत्रकात नको.

प्रतिसाद

लागू पडायची जागा!! हे फार आवडलं.

ब्रोकोलीचं निघालंच आहे तर स्वयंपाकघरातलं एक सांगते. हे सल्फोराफेन म्हणे ब्रोकोलीत तयार नसतंच, चिरल्यावर किंवा चावल्यावर तिच्यातलं एक एन्झाइम मोकळं होतं, मायरोसिनेज, आणि मग ते तयार होतं, फार शिजवलं की ते एन्झाइम मरतं. हे वाचल्यावर मला एकदम आईची मोहरी आठवली. आपण मोहरी ‘फेसतो’ ना, लोणच्याला घालायला, पूड करून थोडं पाणी घालून घोटत राहायचं, मग ती चढते आणि नाकात झणझणी जाते. तीच मोहरी फोडणीत टाकली की तडतडते, खमंग लागते, पण नाकात जात नाही. मोहरी, मुळा, कोबी, ब्रोकोली सगळी एकाच कुळातली, एन्झाइम तेच, फेसलं की काम करतं आणि तापल्या तेलात मरतं. लसणीचंही तसंच, अख्खी पाकळी हुंगली तर फारसा वास नाही, ठेचली की ॲलिसिन तयार होतं आणि घरभर वास.

म्हणजे फेसणं, ठेचणं, फोडणीला टाकणं या क्रियापदांतच रसायनशास्त्र आहे. पत्रकात ‘कापून वापरावे’ असं सरधोपट लिहू नका ताई, जिथे ठेचणं आहे तिथे ठेचणंच लिहा. शिजवलेल्या ब्रोकोलीवर मोहरीची पूड भुरभुरली तर सल्फोराफेन जास्त मिळतं हे प्रयोगात दिसलंय, त्यामुळे ही नुसती आजीची आठवण नाही.

प्रतिसाद (प्रयोगशाळावाली परत)

वा, मोहरीचं उदाहरण मी आता मुलांना शिकवताना वापरणार. फक्त पुढचं पाऊल जपून टाका. चीनमध्ये चीदोंग नावाच्या भागात 291 लोकांवर 12 आठवडे ब्रोकोलीच्या कोंबांचं पेय तपासलं, काहींना ते आणि काहींना नुसतंच पेय, त्याचा निकाल 2014 मध्ये आला, लघवीवाटे बेंझीनचा अंश बाहेर पडण्याचं प्रमाण 61 टक्क्यांनी वाढलं. हवेतून अंगात जाणारं विष जास्त निघून गेलं, चांगलीच गोष्ट आहे. पण मोजलं ते लघवीतलं बेंझीन, कॅन्सर किती जणांना झाला ते नव्हे. ‘ब्रोकोलीमुळे कॅन्सर टळतो’ हे वाक्य त्यातून निघत नाही.

हळदीचं पण लिहून टाकते, तुमच्या मावशींचं वाचून राहवलं नाही. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर हळदीतलं कर्क्युमिन टाकलं की ते कॉक्स-टू, एनएफ-कप्पा-बी (दोन्ही दाहाशी संबंधित प्रथिनं) अशा पुष्कळ ठिकाणी लागू पडतं, पण माणसानं गिळलं की त्यातलं रक्तात जेमतेम पोचतं. बंगळुरूच्या संशोधकांनी 1998 मध्ये दाखवलं की सोबत मिऱ्यातलं पायपरीन दिलं तर रक्तातलं प्रमाण वीसपट होतं, आणि लोक हा आकडा फार मिरवतात, पण मुळात नगण्य असलेल्याच्या वीसपट म्हणजे किती ते कुणी सांगत नाही. बरं, माशेलकर सरांनी अमेरिकेतलं हळदीचं पेटंट 1997 मध्ये रद्द करवून आणलं त्याचा आपल्या सगळ्यांना अभिमान आहे, पण ते पेटंट जखमेवर हळद लावण्याबद्दल होतं, त्याचा आणि कॅन्सरचा काही संबंध नाही. मी बघते तर लोक या दोन्ही गोष्टी एकाच फॉरवर्डमध्ये बांधतात.

प्रतिसाद

‘केमोप्रिव्हेन्शन’बद्दल. हा शब्द मायकल स्पॉर्न या अमेरिकन संशोधकांनी 1976 मध्ये वापरात आणला, अ जीवनसत्त्वाच्या जातकुळीतल्या पदार्थांसंदर्भात. यातला ‘केमो’ म्हणजे नुसता रासायनिक पदार्थ, मग तो गोळीतला असो की भाजीतला. पण मराठीत आता केमो हे केमोथेरपीचंच लाडकं नाव झालंय, ते मागे फिरणार नाही, म्हणून तो शब्द टाळाच.

‘प्रतिबंध’ मात्र मी पूर्ण टाकणार नाही. ‘प्रतिबंधक लस’ म्हटल्यावर कुणाला बंदी आठवत नाही, मग ‘प्रतिबंधक औषध’ का चालू नये? अडचण वेगळीच आहे, लस म्हटलं की लोकांना पक्कं कवच वाटतं आणि तीच खात्री या शब्दातही शिरते. इथे तसं कवच नाही. स्तनाच्या कॅन्सरवरच्या टॅमॉक्सिफेन या औषधाचं घ्या, ते इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाच्या ग्राहीवर लागू पडतं (रिसेप्टर म्हणजे पेशीतलं ते प्रथिन ज्याला संप्रेरक येऊन चिकटतं, त्याला ग्राही हा शब्द मला आवडतो, घेणारा तो ग्राही). अमेरिका-कॅनडात जास्त धोका असलेल्या 13 हजारांवर बायकांवर ते तपासलं, निम्म्यांना गोळी आणि निम्म्यांना औषध नसलेली, नुसती साखरेसारखी गोळी, 1998 मध्ये निकाल आला, पसरणारा स्तनाचा कॅन्सर 49 टक्क्यांनी कमी. प्रत्यक्ष आकडे, औषधाची गोळी न मिळालेल्यांत 175 जणींना झाला आणि मिळालेल्यांत 89 जणींना. म्हणजे खरंच निम्म्यावर आला, पण त्या 89 जणींनीही गोळी घेतलीच होती की. शिवाय गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका त्या गोळीनं वाढतो, म्हणून ती सरसकट कुणाला देत नाहीत.

तेव्हा ‘रोधक’, ‘रोखतं’, ‘होऊ देत नाही’ हे सगळं काढून ‘धोका कमी करण्यासाठीचं औषध’ लिहा. लांबलचक आहे, मान्य, पण खरं आहे.

प्रतिसाद

‘डाएटरी अप्रोच’ला माझ्या डोक्यात पहिला ‘पथ्य’ आला होता पण नको, पथ्य आजारी माणसाला असतं, धडधाकट बाईला पथ्य सांगितलं तर ती विचारेल मला काय झालंय? ‘खाण्यापिण्यात काय बदलता येईल’ एवढं बास आहे.

आणि सप्लिमेंटला ‘पूरक आहार’ लिहू नका प्लीज, अंगणवाडीत जो मिळतो तो पूरक आहार. मंडळात अंगणवाडी सेविका असतील तर त्यांचा हमखास गोंधळ होईल, सरळ ‘जीवनसत्त्वाच्या गोळ्या’ लिहा. हा फरक मला फार मोलाचा वाटतो कारण गाजर खाणं आणि गाजरातलं बीटा-कॅरोटीन (ज्यापासून शरीरात अ जीवनसत्त्व बनतं) गोळीतून घेणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. फिनलंडमध्ये 29 हजारांवर विडी-सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांवर ते तपासलं, 1994 मध्ये निकाल आला तर गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर 18 टक्क्यांनी जास्त! कमी व्हायचा तर राहिलाच.

अजून एक. ‘खवट शेंगदाणे खाऊ नका’ असं लिहिणार असाल तर ‘बुरशी लागलेले’ असं लिहा. खवट म्हणजे तेल जुनं होऊन चव गेलेली, बुरशी ही वेगळी गोष्ट, ओल लागलेल्या शेंगदाण्यावर-मक्यावर ती धरते आणि तिच्यातल्या अफ्लाटॉक्सिन नावाच्या विषानं यकृताचा कॅन्सर होतो हे पक्कं आहे. वर ज्या चीदोंगचं नाव आलं तिथे लोक मक्यावरून भातावर आले, अफ्लाटॉक्सिन पोटात जाणं कमी झालं आणि यकृताच्या कॅन्सरनं होणारे मृत्यूही पुढे उतरले. नवं काही खायला लागून नाही हं, एक गोष्ट ताटातून गेली म्हणून. आपल्याकडे त्या ‘काढून टाका’ यादीत सुपारी सगळ्यात वर लिहा, तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2004 पासून पहिल्या गटात, म्हणजे कॅन्सर होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींत टाकलीये. जेवणानंतरची बडीशेप-सुपारी कुणी व्यसनात धरतच नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. आता असं ठरवलंय: ‘रेणवीय’ फक्त एकदाच, डॉक्टर बाईंच्या व्याख्यानाच्या नावात. आत सगळीकडे ‘पेशीत कुठे लागू पडतं’. केमोप्रिव्हेन्शनला ‘धोका कमी करण्यासाठीचं औषध’. रिस्कला ‘जोखीम’ लिहिणार होते पण सासूबाईंच्या तोंडी जोखीम म्हणजे अंगावरचे दागिने, ‘एवढी जोखीम घालून यष्टीनं जाऊ नकोस’ असं त्या म्हणतात, म्हणून ‘धोका’च.

हळदीच्या परिच्छेदात हे घातलंय: “हळद जेवणात असू द्या. गाठ लागली तर हळदीची वाट पाहू नका, त्याच आठवड्यात दाखवून घ्या.” मावशीला फोनवर वाचून दाखवलं. तिच्यावर शस्त्रक्रिया होऊन आता तीन वर्षं झाली, ती म्हणाली ‘त्याच आठवड्यात’ हे जाड अक्षरात छाप.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मग मोहरी फेसायची की नाही? तर तेही घालतेय, फेसा की, चवीला फेसा.

फक्त ‘ग्राही’वर अजून मन बसत नाहीये, ‘ग्राहक’सारखं वाचलं जातं असं दोघी-तिघींनी सांगितलं. कुणाला दुसरं काही सुचत असेल तर शनिवारपर्यंत सांगा, सोमवारी छापायला जातंय.