लहानपणीची लँड रोव्हर घ्यावी की रोज चालेल अशी गाडी?

प्रश्न

माझे वडील भूसर्वेक्षणाच्या कामावर होते आणि त्यांच्याकडे कामाची सीरिज थ्री लँड रोव्हर असे. पक्का रस्ता संपून चिखल लागला की पिवळ्या मुठीचा दांडा खाली दाबण्याचे काम ते माझ्यावर सोपवत. तो दाबला की पुढच्या चाकांनाही जोर मिळतो, एवढेच त्या वयात मला कळत असे. आज इतक्या वर्षांनी त्याच जातीची, १९७८ सालची, ८८ इंची व्हीलबेसची (पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतराची) गाडी विक्रीला आहे. मी ती दोनदा पाहून आलो. रंग नवा आहे आणि इंजिन पहिल्याच प्रयत्नात सुरू झाले. मात्र घरात दुसरी गाडी नाही, रोजचा प्रवास चाळीस किलोमीटरचा आहे आणि मुले दोन आहेत. पत्नीचे म्हणणे आहे की मी गाडी विकत घेत नसून वडिलांची आठवण विकत घेत आहे, आणि ते मला खोडून काढता येत नाही. अशी गाडी वापरलेल्यांनी मोकळेपणाने सांगावे.

पहिला प्रतिसाद

नव्या रंगावर आणि पहिल्या प्रयत्नात सुरू होणाऱ्या इंजिनावर काहीही ठरवू नका, कारण या गाडीचे आयुष्य चेसिसवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, ठरते. १९४८ साली पहिली लँड रोव्हर आली तेव्हा युद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये पोलादाची टंचाई होती, म्हणून बॉडीसाठी ॲल्युमिनियमचा मिश्रधातू वापरला गेला आणि ती पद्धत पुढेही टिकली. त्यामुळे वरचा पत्रा चाळीस-पन्नास वर्षांनंतरही ठणठणीत दिसतो, पण खालची चेसिस पोलादी पट्ट्या जोडून केलेल्या पोकळ पेटीसारखी असते. तिच्या आत शिरलेला चिखल आणि पाणी वर्षानुवर्षे तसेच राहते आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेरून जाड काळा थर दिलेला असेल, तर तो अधिकच संशयास्पद समजावा.

मालकाची परवानगी घेऊन गाडीखाली आडवे व्हा आणि छोट्या हातोडीने मागच्या आडव्या तुळईपासून पुढे ठोकत या. चांगले पोलाद खणखणीत वाजते आणि कुजलेले बद्द वाजते. पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, जिथे टांगलेले असतात त्या जागा आणि डॅशबोर्डखालची पाय ठेवण्याची जागा मुद्दाम तपासा, कारण इंजिन आणि केबिन यांमधली ती भिंत पोलादीच असते. पोलाद आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकतात तिथे पांढरी भुकटी दिसली, तर ॲल्युमिनियम खाल्ले जात आहे असे समजा. पुढच्या चाकांमागच्या चकचकीत गोलांवर खड्डे पडले असतील तर तिथून तेल गळत राहील, परंतु तो दोष चेसिसच्या तुलनेत किरकोळ आहे.

दुसरा प्रतिसाद

मी अशी गाडी आठ वर्षे वापरली आणि दोन वर्षांपूर्वी विकली. विकताना जे वाटले ते अजून गेलेले नाही, तरीही तुमच्या परिस्थितीत मी ती एकमेव गाडी म्हणून घेणार नाही.

चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. ओढा ओलांडला की ड्रममध्ये पाणी जाते आणि पुढचे काही क्षण पेडल दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही, म्हणून पाण्यातून बाहेर आल्यावर ब्रेक हलकेच दाबून ते वाळवावे लागतात. ही सवय मला लागली, पण माझ्या पत्नीने ती का लावून घ्यावी, याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. पॉवर स्टिअरिंग नाही, त्यामुळे गर्दीत गाडी लावताना खांदे भरून येतात. मागची बाके समोरासमोर, आडवी असतात आणि मुलांना त्यांवर आजच्या अर्थाने सुरक्षित बसवता येत नाही. माझ्यासाठी निर्णय तिथेच झाला होता, तो मान्य करायला मात्र मला तीन वर्षे लागली.

पिवळ्या मुठीबद्दल एक गोष्ट सांगतो, कारण ती तुम्हाला पुन्हा शिकावी लागेल. या गाडीत मधला डिफरेन्शियल, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग, नाही. कोरड्या रस्त्यावर चारही चाके जोडलेली ठेवून वळण घेतले, तर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापू पाहतात आणि सारा ताण गिअर आणि शाफ्टवर येतो. म्हणून चिखल संपताच गाडी थांबवून शेजारचा लाल दांडा लो रेंजमध्ये (कमी वेगाच्या, जास्त जोराच्या गिअरमध्ये) आणून परत हायमध्ये न्यावा लागतो, तेव्हा पिवळी मूठ वर उसळते.

तिसरा प्रतिसाद

वरचे दोन्ही प्रतिसाद योग्य आहेत, पण जुनी गाडी म्हणजे अव्यवहार्य गाडी हे समीकरण मला पटत नाही. सीरिज थ्रीमध्ये बिघडणारी जवळजवळ प्रत्येक गोष्ट डोळ्यांना दिसते आणि पान्हा, स्क्रूड्रायव्हर व थोडा धीर असेल तर रस्त्याच्या कडेला दुरुस्त होते. याउलट वीस वर्षांच्या एखाद्या ऑफरोडरचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक बंद पडले आणि तो भाग कारखान्यातून येणे थांबलेले असेल, तर चांगली चेसिस असूनही गाडी जागेवरून हलत नाही. खरा व्यवहार त्या दोन टोकांच्या मध्ये आहे. लँड रोव्हरच्याच १९८३ मध्ये आलेल्या वन टेनला आणि पुढच्या वर्षीच्या नाइन्टीला कॉइल स्प्रिंग, पुढे डिस्क ब्रेक आणि मधला डिफरेन्शियल मिळाला. टोयोटाच्या लँड क्रूझरची ७० मालिका १९८४ पासून बनते आहे, त्यामुळे तिचे भाग शोधणे तुलनेने सोपे जाते. तुमच्या आठवणीतला चेहरा हवा असेल तर वन टेन किंवा नाइन्टी एकदा चालवून पाहा.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. आज हातोडी घेऊन गेलो होतो. पुढचा भाग नीट वाजला, पण मागच्या उजव्या पाट्याच्या टांगणीजवळ आवाज बद्द आला आणि काळ्या थरावर स्क्रूड्रायव्हर टेकवला तर तो अर्धा इंच आत गेला. मालकाने खळखळ न करता स्वतः वाकून पाहिले आणि आपल्यालाही हे ठाऊक नव्हते, असे सांगितले. ती गाडी मी घेत नाही. मुलांसाठी आणि रोजच्या कामासाठी आधी नवीन गाडी घेऊ, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे. सीरिज थ्रीचा शोध मी सोडलेला नाही, मात्र यापुढे प्रत्येक गाडी आधी खालून पाहीन. पत्नीने एकच अट घातली आहे: ती गाडी घरी आली तर पिवळी मूठ दाबण्याचे काम धाकट्याकडे द्यायचे.