मदत हवी आहे: गटाच्या शेळ्या एका शेडमध्ये ठेवाव्यात की घरोघरी? आणि हप्त्यांचं काय करावं?

नमस्कार. आमच्या बचत गटातल्या बायकांना शेळ्यांसाठी कर्ज मिळतंय आणि निर्णय लवकर द्यायचा आहे. गटाची हिशेबवही माझ्याकडे असते, म्हणून प्रश्न मीच मांडते आहे. ज्यांनी स्वतः शेळ्या राखल्यात किंवा अशा गटांबरोबर काम केलंय, त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

कर्ज देणाऱ्यांचा आग्रह आहे की एकच मोठं शेड बांधावं, सगळ्या शेळ्या तिथे ठेवाव्यात आणि बायकांनी पाळीपाळीने चारा-पाणी करावं. बायकांना मात्र आपापल्या दारातच शेळ्या हव्या आहेत, आणि मला त्यांचंच पटतं. दारातली शेळी रात्री व्यायला लागली तर घरातल्या बाईला लगेच कळतं. पाळीच्या शेडमध्ये सकाळी मेलेलं करडू सापडतं आणि मग काल पाळी कोणाची होती यावरून भांडण. शिवाय बांधून ठेवलेल्या शेळीला सगळं तोंडापुढे आणून द्यावं लागतं. ३० किलोच्या शेळीला रोज साधारण एक ते दीड किलो सुका अंश (चाऱ्यातलं पाणी वगळून उरतो तो भाग) लागतो, म्हणजे हिरवा चारा त्याच्या कितीतरी पट. आमच्यातल्या बहुतेकींना जमीन नाही. चारा विकत घेऊन हे परवडेल असं मला वाटत नाही.

माझी खरी काळजी हप्त्याची आहे. शेळी गाभण राहिल्यापासून व्यायला ५ महिने. करडू विकण्याजोगं व्हायला पुढे आणखी सहा-आठ महिने. आणि हप्ता सुरू होतो कर्ज मिळाल्यावर पुढच्याच महिन्यात! मधल्या काळात हप्ता मजुरीतून जातो, नाहीतर मूळ शेळीच विकली जाते. बाजारात सौदा बहुतेक वेळा घरचा पुरुष करतो, पैसे त्याच्या हातात येतात आणि कर्ज राहतं बाईच्या नावावर. हे टाळायला कागदोपत्री आणि घरात काय करता येईल? एखादीची शेळी मेली तर तिचा हप्ता गटाने सोसावा का? व्यापारी नजरेने अंदाज करून भाव सांगतो, त्यावर काही उपाय आहे का?

प्रतिसाद १

ताई, जनावरांच्या दवाखान्यातल्या कामाच्या अनुभवावरून लिहितो. शेळ्या घरोघरीच ठेवा, पण लसीकरण एकत्र करा. पीपीआर या शेळ्यांच्या जीवघेण्या साथीच्या लशीच्या एका बाटलीत बऱ्याच मात्रा असतात. पावडर एकदा द्रावणात मिसळली की ती बर्फावर ठेवून काही तासांतच संपवावी लागते. चार शेळ्यांसाठी बाटली कोण फोडणार? गटाने एक दिवस ठरवला तर सगळ्यांच्या शेळ्या होतात. पीपीआर एकदा दिली की साधारण ३ वर्षं संरक्षण मिळतं. आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होऊन शेळी दगावते तो आजार) लस मात्र दरवर्षी द्यावी लागते, आणि पहिल्यांदा देताना ३-४ आठवड्यांनी दुसरी मात्रा.

करडं सर्वात जास्त दगावतात ती पहिल्या महिन्यात. जन्मल्यावर तासाभरात चीक पोटात गेलाच पाहिजे, आणि पहिल्या दिवसभरात करडाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका. जार पडायची वाट बघत चीक पाजायचं थांबू नका. नाळेला आयोडीन लावा, खाली कोरडं ठेवा, थेट वारा लागू देऊ नका. एवढ्याने जी करडं वाचतात, त्यांतूनच तुमचा हप्ता निघणार आहे.

प्रतिसाद २

मी बरीच वर्षं गटांचं काम बघते. कर्जाच्या करारावर सही करण्याआधीच मुदत मागा: पहिली विक्री होईपर्यंत फक्त व्याज, मुद्दल नंतर, आणि तेही दरमहा न देता विक्रीच्या हंगामात. नाही म्हणाले तर कर्ज कमी घ्या. तीन-चार महिन्यांच्या गाभण शेळ्या घ्या, आणि सगळ्या एकदम घेऊ नका. निम्म्या आता, निम्म्या काही महिन्यांनी, म्हणजे विक्रीही विभागून येईल.

बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने २००२ पासून अतिगरीब बायकांसाठी जो कार्यक्रम चालवला, त्यात जनावराबरोबर काही महिने निर्वाहभत्ता, प्रशिक्षण आणि नियमित घरभेटीही होत्या. भत्ता एवढ्यासाठीच, की उत्पन्न सुरू होईपर्यंत जनावर विकायची वेळ येऊ नये. तुम्हाला भत्ता मिळणार नाही, पण गटाच्या बचतीतून छोटं आडप्रसंगाचं कर्ज ठेवता येईल.

विक्रीबाबत म्हणाल तर गटाचा एक ताणकाटा आणि पोटाखालून बांधायचा एक पट्टा घ्या. वजन आधी वहीत लिहायचं, मग व्यापाऱ्याला बोलवायचं. सौदा गटाच्या ठरलेल्या दिवशी, दोन-तीन बायका हजर असताना, आणि पैसे थेट बाईच्या खात्यात. हा नियम गटाचा आहे असं सांगितलं की घरात एकटीला भांडावं लागत नाही.

मेलेल्या शेळीचा हप्ता गटावर टाकू नका, नाती तुटतात. हेफर इंटरनॅशनल ही संस्था १९४४ पासून जनावरं देते, तेव्हा घेणाऱ्या कुटुंबाने पहिली मादी पुढच्या गरजू कुटुंबाला द्यायची असते. तोच विचार वापरा: सगळ्यांनी मिळून दर हंगामात एखादी पाट (तरुण मादी) राखीव ठेवायची, आणि जिची शेळी आजाराने गेली तिला ती द्यायची. विमा काढलात तर कानातला बिल्ला सांभाळा, आणि शेळी मेली तर पुरायच्या आधी कळवा.

प्रतिसाद ३

हप्ता लवकर सुरू होणारच असेल तर सोबत गावरान कोंबड्या ठेवा. खुडूक कोंबडीखाली २१ दिवसांत पिल्लं निघतात, आणि अंड्यांचे पैसे बाईच्याच हातात राहतात. मानमोडीची लस मात्र चुकवू नका, ती आली की खुराडं रिकामं होतं.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. मुदतीचं आणि काट्याचं बैठकीत मांडते. राखीव पाटीची कल्पना तर मला फारच पटली. एक राहिलं: बोकड. २५-३० शेळ्यांना एक पुरतो असं ऐकते. तो कोणाच्या दारात बांधायचा आणि त्याच्या खुराकाचा खर्च कसा वाटायचा?

प्रतिसाद २

जी नियमित घरी असते आणि जिला जागा आहे, तिच्याकडे. दर फळवणीला, म्हणजे शेळी बोकडाला दाखवली की, ठरलेली रक्कम तिला द्यायची, खुराक त्यातूनच. कुठली शेळी कधी दाखवली ते वहीत लिहा. २१ दिवसांनी पुन्हा माजावर आली नाही तर बहुधा गाभण धरली. आणि त्याच्याच पाटी माजावर यायच्या आत बोकड दुसऱ्या गटाशी बदलून घ्या.